पत्र्याची साक्ष आणि कागदाची

मराठीत ‘रॅली’ म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो निवडणुकीतला दुचाक्यांचा ताफा, किंवा फार तर मोठ्या शहरात रविवारी सकाळी निघणारी जुन्या मोटारींची शोभायात्रा. मोटारक्रीडेतील रॅली या दोन्हींहून वेगळी असते. तिच्यात गाड्या बंदिस्त वर्तुळाकार मार्गावर धावत नाहीत, तर सार्वजनिक रस्ते, घाट आणि कच्च्या वाटा यांवरून त्या एकामागून एक सोडल्या जातात, चालकाशेजारी वाट सांगणारा आणि वेळेचा हिशेब ठेवणारा सहचालक बसतो, आणि नेमलेला टप्पा नेमल्या वेळेत गाठता आला नाही की दंडाचे गुण चढत जातात. अशा स्पर्धेत चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी उतरलेली गाडी आज संग्राहकाच्या हाती येते, तेव्हा तो पैसे मोजतो ते तिच्या इतिहासासाठी. त्याच कारखान्यातून त्याच महिन्यात बाहेर पडलेली, पण आयुष्यभर कचेरीत आणि बाजारात ये-जा केलेली तिची जुळी बहीण त्याच्या लेखी किरकोळ ठरते. हा फरक जितका मोठा, तितका साध्या गाडीला रॅलीचा साज चढवून विकण्याचा मोहही मोठा, आणि त्यातूनच अस्सलपणा पारखण्याचे एक स्वतंत्र शास्त्र गेल्या काही दशकांत उभे राहिले आहे.

‘ही गाडी मूळ आहे का’ हा प्रश्न दिसतो एक, पण त्याच्या पोटात तीन प्रश्न आहेत. ही गाडी जी म्हणून सांगितली जाते तीच आहे काय, हा ओळखीचा प्रश्न झाला. तिचा पत्रा, इंजिन आणि इतर अवयव कारखान्यातून किंवा स्पर्धेच्या वेळी होते तेच आहेत काय, हा द्रव्याचा प्रश्न झाला. आणि तिच्या नावावर सांगितला जाणारा पराक्रम खरोखर तिनेच केला काय, हा इतिहासाचा प्रश्न झाला. पहिल्याचे उत्तर होकारार्थी आणि दुसऱ्याचे नकारार्थी असू शकते, आणि रॅलीच्या गाड्यांत ते बहुधा तसेच असते.

या विषयाचा खानदेशाशी वाटतो त्याहून जवळचा संबंध आहे. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनहून ‘लंडन–सिडनी मॅरेथॉन’ सुरू झाली. ९८ गाड्या युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान ओलांडण्यासाठी निघाल्या आणि दिल्लीपर्यंत टिकलेल्या गाड्यांना तेथून आग्रा-इंदूरमार्गे मुंबई गाठायची होती. इंदूरहून मुंबईला येणारा आग्रा रोड सेंधव्याकडून खाली उतरून शिरपूर, धुळे, मालेगाव, नाशिक असा जातो, आणि सावदा, फैजपूर, यावल, चोपडा ही गावे जोडणारा बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्ता शिरपूरला याच आग्रा रोडला येऊन भिडतो. मुंबईपर्यंत ७२ गाड्या पोहोचल्या, त्या ‘चुसान’ नावाच्या जहाजाने ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर नेण्यात आल्या, आणि मुंबईत आघाडीवर असलेली रॉजर क्लार्क यांची लोटस कॉर्टिना पुढे मागे पडून अँड्र्यू कॉवन, कॉलिन मॅल्किन व ब्रायन कॉयल यांच्या हिलमन हंटर या साध्या कुटुंबवत्सल गाडीने डिसेंबरात सिडनीत स्पर्धा जिंकली. त्यानंतर १९८० च्या दशकात नाझिर हुसेन यांच्या पुढाकाराने हिमालयन रॅली भरत राहिली, आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट-पद्मिनी, हिंदमोटरची अँबॅसिडर आणि मारुतीची जिप्सी या ओळखीच्या गाड्या देशातील रॅल्यांमध्ये उतरल्या. तेव्हा अशा गाडीच्या खरेपणाचा प्रश्न हा केवळ विलायती लिलावघरांचा प्रश्न नव्हे.

रॅलीची गाडी आणि राजवाड्यातील गाडी यांत एक मूलभूत भेद आहे, आणि तो लक्षात न घेतल्यानेच बहुतेक घोटाळे होतात. संस्थानिकाची रोल्स-रॉइस वर्षातून चार वेळा बाहेर निघाली, तिला हाताने पुसून ठेवले गेले, म्हणून तिचे मूळ रंग, मूळ कातडे आणि मूळ इंजिन टिकून राहिले. रॅलीची गाडी मात्र जन्मतःच झिजण्यासाठी आणि मोडण्यासाठी होती. एका स्पर्धेत तिचे दोनदोन गिअरबॉक्स बदलले जात, मागचे पाटे तुटत, दरीत कोसळल्यावर दार कापून काढावे लागे आणि पुढच्या महिन्यात तीच गाडी पुन्हा सुरुवातीच्या रेषेवर उभी असे. मोठ्या कंपन्यांच्या स्पर्धा विभागांत तर याहून पुढची रीत होती. ब्रिटनमधील ॲबिंग्डन येथे मिनी कूपर गाड्यांची बांधणी करणारा विभाग एखादी गाडी फार चेपली की संपूर्ण नवा सांगाडा घेई, जुन्यातील उपयोगी भाग त्यात बसवी आणि नोंदणीची पाटी व कागदपत्रे तीच पुढे चालवी, कारण परदेशी सीमांवर आणि स्पर्धेच्या कचेरीत नवे कागद करण्यापेक्षा जुनी पाटी लावणे सोपे होते. त्यात कोणाला फसवण्याचा हेतू नव्हता. स्पर्धा संपली की गाडी ही त्यांच्या दृष्टीने जुने हत्यार होती. पुढे मात्र असे घडले की टाकून दिलेला चेपका सांगाडा कोणी भंगारातून उचलून ठाकठीक केला, नव्या सांगाड्याची गाडी दुसऱ्याकडे होतीच, आणि एकाच कीर्तीवर हक्क सांगणाऱ्या दोन गाड्या उभ्या राहिल्या.

ही अडचण बैलगाडी वापरणाऱ्या समाजाला अपरिचित नाही. गाडीची धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, झिजली की लोहाराकडून नवी चढवली जाते, आरे मोडले की सुतार नवे बसवतो, काही वर्षांनी जू बदलते, साटी बदलते, आणि तरी घरातले सगळे तिला आजोबांची गाडीच म्हणतात. फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, तेव्हा अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांची मिरवणूक सहा बैलजोड्यांच्या रथातून निघाली होती आणि सजावटीची सूत्रे चित्रकार नंदलाल बोस यांच्याकडे होती. समजा उद्या कोणी एक जुना सांगाडा पुढे करून हाच तो रथ असे म्हणाला, तर लाकडाचे वय तपासून भागणार नाही, कारण त्या वयाचे लाकूड अनेक गोठ्यांत सापडेल. अधिवेशनानंतर तो रथ कोणाकडे गेला, तेथून कोणाकडे, मधल्या काळात तो कोणी वापरला, याची न तुटलेली साखळी दाखवावी लागेल.

नेमका हाच विचार १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयाने एका मोटारीच्या बाबतीत मांडला. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या बेंटले गाडीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. ही रॅली नव्हे, पण प्रश्न तोच. कोटी पौंडांच्या घरातला सौदा ठरल्यावर घेणाऱ्याने हरकत घेतली की ही ती गाडीच नाही, कारण तिच्यातील जवळजवळ सर्व भाग नंतरचे आहेत. न्यायमूर्ती ऑटन यांनी पुरावा पाहून मान्य केले की १९२९ च्या विजयी गाडीचे निश्चित ओळखता येतील असे फारच थोडे अवशेष तिच्यात उरले आहेत, आणि म्हणून ‘मूळ’ हा शब्द तिला लावता येणार नाही. परंतु ती एका दिवसात मोडून दुसरी उभी केलेली नाही, शर्यतीमागून शर्यत होत असताना ती टप्प्याटप्प्याने बदलत गेली आणि तिचे अस्तित्व कधी खंडित झाले नाही, म्हणून ती ‘अस्सल’ म्हणजे आपल्या नावाची खरी वारस आहे. रॅलीच्या गाड्यांच्या चर्चेत या निकालाचे दाखले वारंवार दिले जातात, आणि ते योग्यच आहे, कारण द्रव्य आणि ओळख यांची फारकत इतक्या स्पष्टपणे क्वचितच कोणी केली असेल.

तरीही परीक्षणाची सुरुवात होते ती पत्र्यापासूनच. पहिली नजर जाते चॅसिस नंबरावर, ज्याला गॅरेजमध्ये आणि आरटीओत सरसकट चासी नंबर म्हणतात. आपल्याकडे नोंदणीच्या कामात या नंबराची पेन्सिल प्रिंट मागितली जाते. कागद ठोकलेल्या अंकांवर धरून वरून पेन्सिल घासली की अंक कागदावर पांढरे उमटतात. कचेरीच्या दृष्टीने हा केवळ उपचार असला, तरी पारख्याच्या दृष्टीने तो फार बोलका कागद आहे. कारखान्यातील ठसे एका विशिष्ट वळणाचे असतात, त्यांची खोली आणि दोन अंकांमधले अंतर त्याच काळातील दुसऱ्या निर्विवाद गाडीशी ताडून पाहता येते. हाताने एकेक अंक ठोकणाऱ्याचा एखादा सात तिरका होतो, एखादा आठ इतरांपेक्षा खोल जातो. जुना नंबर घासून काढला असेल तर तेथील पत्रा आजूबाजूपेक्षा पातळ लागतो, आणि भंगारात गेलेल्या गाडीच्या चासीचा नंबर असलेला तुकडाच कापून दुसऱ्या गाडीत बसवला असेल तर त्याच्या चारही बाजूंना टाक्यांची रेघ असते, मग ती लांबी भरून आणि रंग देऊन कितीही गुळगुळीत केलेली असो.

लांबी, म्हणजे पत्र्यावरचे खड्डे भरण्यासाठी वापरला जाणारा लगदा, हा अशा गाड्यांचा सार्वत्रिक रोग आहे, आणि साध्या लोहचुंबकाने तो उघडा पडतो. जेथे चुंबक घट्ट चिकटत नाही तेथे पत्र्यावर लांबीचा जाड थर आहे. कारखान्यात पत्र्याचे दोन भाग विजेच्या ठिपक्यांनी, म्हणजे स्पॉट वेल्डिंगने, सारख्या अंतरावर जोडलेले असतात, तर गल्लीतल्या दुरुस्तीत गॅसचा सलग टाका किंवा पितळी ब्रेझिंग दिसते. येथे मात्र घाई करून चालत नाही, कारण खरी रॅलीची गाडी बांधताना मजबुतीसाठी सांध्यांवर सलग वेल्डिंग मुद्दाम केले जाई. त्यामुळे वेल्डिंग आहे एवढ्यावरून निष्कर्ष काढणे चूक, ते कोठे आहे, कोणत्या थराच्या रंगाखाली आहे आणि त्यामागे काही हेतू दिसतो काय हे पाहावे लागते.

सर्वांत विश्वासार्ह साक्ष बहुधा भोकांची असते. रॅलीच्या गाडीत सहचालकासमोर अंतर अचूक मोजणारे यंत्र बसवलेले असे, आणि स्वीडनच्या हाल्डा कंपनीची अशी यंत्रे एके काळी सर्वत्र वापरली जात. त्यासाठी डॅशबोर्डला भोके पाडावी लागत आणि स्पीडोमीटरच्या तारेला एक फाटा काढावा लागे. नकाशा वाचायच्या दिव्याचे स्क्रू, इंजिनाखाली दगडांपासून बचावासाठी लावलेल्या जाड पत्र्याचे बोल्ट, पुढच्या जादा दिव्यांच्या तारा आत आणण्याची वाट, गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून बसवलेल्या लोखंडी पिंजऱ्याचे पाय, या साऱ्यांच्या खुणा गाडी पुढे घरगुती वापरात आली तरी पूर्णपणे जात नाहीत. डॅशबोर्ड सोडवून मागून पाहिले की बुजवलेली भोके दिसतात, आणि त्यांच्या कडांवर साठलेली धूळ, गंज आणि जुना रंग यांवरून ती पन्नास वर्षांपूर्वीची की मागच्या पावसाळ्यातली हे सरावलेल्या डोळ्याला कळते. नकली गाडी बनवणारा दिसणारे दिवे लावतो, दारावर स्पर्धेचा क्रमांक रंगवतो, पण कोणाला दिसणार नाहीत अशी भोके पाडून ती पुन्हा बुजवण्याचे कष्ट सहसा घेत नाही.

गंजाचीही एक भाषा आहे. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत अनेक वर्षे उभी राहिलेली फियाट दारांखालच्या पत्र्यातून आणि चाकांच्या कमानींतून आतून सडत येते. तीच गाडी जळगाव-धुळ्याच्या कोरड्या हवेत आणि पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात राहिली असेल तर पत्रा बराच शाबूत राहतो, पण काचांभोवतीचे रबर तडकते, आसने भाजल्यासारखी होतात आणि छताचा रंग भुकटी होऊन हाताला लागतो. गाडी कोठे राहिली याबद्दलची विक्रेत्याची कथा आणि तिचा गंज यांचा मेळ बसत नसेल, तर कथेवर शंका घ्यावी.

नकलांची पद्धतही देशोदेशी सारखीच आहे: सामान्य गाडी घ्यायची आणि तिला तिच्या दुर्मीळ भावंडाचे रूप द्यायचे. १९७० ची लंडन–मेक्सिको रॅली हानू मिकोला यांनी फोर्ड एस्कॉर्टमधून जिंकल्यावर फोर्डने ‘एस्कॉर्ट मेक्सिको’ नावाची गाडी विक्रीला आणली. तिचा सांगाडा काही जागी जास्त मजबूत केलेला होता. आज दोन दारांच्या साध्या एस्कॉर्टमध्ये मोठे इंजिन घालून, बाजूला पट्टे ओढून मेक्सिको तयार करता येते, पण सांगाड्याच्या आतली जादा जोडपट्टी घालायला कारागीर विसरतो. आपल्याकडे जिप्सीच्या बाबतीत परीक्षा याहून सोपी आहे. डिसेंबर १९८५ मध्ये आलेल्या पहिल्या जिप्सीचे इंजिन ९७० घनसेंटिमीटरचे होते, १९९३ मध्ये डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर ९० मिलिमीटरने वाढवण्यात आले आणि १२९८ घनसेंटिमीटरचे इंजिन १९९६ मध्ये आले. म्हणून ऐंशीच्या दशकात हिमालयन रॅली धावली असे सांगितलेली जिप्सी चाकांमधल्या वाढीव अंतराची आणि मोठ्या इंजिनाची निघाली, तर एक तर ते बदल नंतर झाले आहेत किंवा गाडीच नंतरची आहे. फियाटच्या बाबतीत डुक्कर फियाट म्हणून ओळखली जाणारी जुनी, मागे बिजागरी असलेल्या पुढच्या दारांची गाडी आणि नंतरची पद्मिनी यांत गोंधळ होण्याचे कारण नाही, परंतु पद्मिनीचे भाग तीन दशके इतके थोडे बदलले की एका वर्षाच्या गाडीत दुसऱ्या वर्षाचा भाग बसवला तरी तो निमूटपणे बसतो, आणि म्हणून काचांवरील छाप, इंजिनाच्या ओतकामावरील तारखा असले बारीक पुरावे शोधावे लागतात.

इंजिन आणि चासी यांचे क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी जुळणे याला संग्राहक फार महत्त्व देतात. घरगुती गाडीला ते लागू आहे. कठोर स्पर्धेत अनेक हंगाम धावलेल्या गाडीचे क्रमांक मात्र अगदी तंतोतंत जुळले तर तो समाधानाचा नव्हे, चौकशीचा विषय मानला पाहिजे.

पत्र्याची साक्ष संपते तेथे कागदाची सुरू होते. स्पर्धेसाठी गाडीच्या प्रकाराला आंतरराष्ट्रीय संघटनेकडून आधी मान्यता घ्यावी लागे, याला होमोलोगेशन म्हणतात. त्याच्या पत्रकात गाडीच्या महत्त्वाच्या भागांची मापे आणि छायाचित्रे असत, आणि मान्यतेसाठी ठरावीक संख्येने गाड्या बनवण्याची अट असे, जी १९८२ ते १९८६ या काळातील प्रसिद्ध ‘ग्रुप बी’ वर्गासाठी २०० गाड्यांची होती. या पत्रकाशी न जुळणारा महत्त्वाचा भाग गाडीत सापडला तर तो त्या स्पर्धेत असण्याची शक्यता कमी. सीमा ओलांडणाऱ्या रॅलीत गाडीबरोबर कार्ने नावाचे सीमाशुल्काचे पुस्तक असे, ज्यात ही गाडी आम्ही विकणार नाही, परत नेऊ अशी हमी असते आणि प्रत्येक नाक्यावर प्रवेशाचा व निर्गमाचा शिक्का पडतो. १९६८ च्या त्या ७२ गाड्यांपैकी आपली एक, असे म्हणणाऱ्याकडे असे पुस्तक असेल तर दारावरच्या रंगवलेल्या क्रमांकापेक्षा त्याचे वजन शतपट. त्याखालोखाल छायाचित्रे येतात, कारण बंपरचा एखादा पोचा, आडवा लावलेला दिवा, पाटीवरच्या अक्षरांमधले वेडेवाकडे अंतर अशा गोष्टी चित्रात कायम राहतात. भारतात या सर्वांच्या आधी पाहावे ते जुने आरसी बुक: मालकांची हस्तांतरे, कराच्या नोंदी, आणि पेट्रोलचे इंजिन काढून डिझेल बसवले असल्यास त्याची नोंद, हे सारे हाताने लिहिलेले त्यात मिळते.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली गाडी त्यात बसते. तिला राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ असलेला क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि ती १० वर्षे चालते, मात्र गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरात आणता येत नाही. तरतूद स्वागतार्ह आहे, पण ती लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर राजवाड्यातील गाडी होती असे वाटते. सलग वेल्डिंग, पिंजरा आणि बदललेले इंजिन हाच जिचा इतिहास, ती गाडी ‘फेरबदल न झालेली’ कशी ठरवायची? जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे फिवाने, स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेत वाहनाच्या चालत्या आयुष्यात झालेले बदल हे त्याच्या इतिहासाचा भाग मानले आहेत, आणि रॅलीच्या गाडीला न्याय देणारी भूमिका तीच आहे. शिवाय हिशेब सरळ आहे: १९८६ च्या जिप्सीला ५० वर्षे पूर्ण होतील ती २०३६ मध्ये, तोपर्यंत ती कायद्याच्या लेखी फक्त जुनी गाडी आहे, १५ वर्षांनंतर पुन्हा नोंदणी करून घ्यावी लागणारी आणि भंगाराच्या काट्यावर किलोने मोजली जाऊ शकणारी.

यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात एखाद्या मळ्यातील शेडमध्ये अशी जिप्सी उभी असेल, तर पारख्याला लागते ते फार थोडे साहित्य: चाकांमधले अंतर मोजायला टेप, एक चुंबक, पेन्सिल आणि कागद, आणि डॅशबोर्ड सोडवायला पेचकस. अंतर जुन्या मापाचे, इंजिन ९७० चे, नंबराचे ठसे निर्दोष, डॅशबोर्डमागे जुनी बुजवलेली भोके, पण आरसी बुक हरवलेले आणि छायाचित्र एकही नाही, असे निघाले, तर तिचे प्रामाणिक वर्णन ‘रॅलीसाठी बांधलेली १९८६ ची जिप्सी, स्पर्धेत उतरल्याचा पुरावा उपलब्ध नाही’ एवढेच होऊ शकते. आणि या वर्णनातला शेवटचा अर्धा भाग गाळला की किंमत किती वाढते, हे विकणाऱ्याला पारख्याच्या आधी माहीत असते.